बावीसचा पाढा

सोमवार, ३ तारीख

रात्रभर झोपले नाही. आधी मुंगी रडत होती म्हणून, आणि ती गप्प झाल्यावर डब्यात किती पावडर उरलीय त्या विचाराने. मुंगी म्हणजे माझी लेक, चार महिन्यांची. माझं दूध आटलं. इथे आल्याआल्या मला ताप भरला, छातीत गाठी झाल्या, त्यानंतर दूध आलंच नाही. तेव्हापासून डब्याचं दूध.

ही वही शिवणवालीने दिली. घराला दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. एका खोलीत आम्ही, दुसरीत ती. ती कारखान्यात पँटच्या खालच्या पट्ट्या शिवते, वीस वर्षं झाली तिला या देशात. आपली भाषा बोलणारी मला इथे ती एकटीच. म्हणाली, "भिंतीशी बोलतेस ते वहीशी बोल बाई. भिंत पातळ आहे, मला सगळं ऐकू येतं."

मी सातवीपर्यंत शिकले. चुकलं तर चुकलं, कोण तपासायला बसलंय.

डबा अठराचा आहे. इथल्या पैशातला एक म्हणजे घरचे बावीस. ह्यांनी निघायच्या आधी माझ्याकडून बावीसचा पाढा पाठ करून घेतला होता, म्हणाले, तिथे पावलापावलावर लागेल. बावीस अठ्ठे एकशे शहात्तर, बावीस नव्वे एकशे अठ्ठ्याण्णव, हे सगळं तोंडावर आहे. पाढा दहालाच संपतो, म्हणून अठराला मी नऊ दुणे करते. तीनशे शहाण्णव. घरी हे दिवसभर फरश्या बसवायचे तेव्हा साडेचारशे मिळायचे. म्हणजे पोरगी पाच दिवसांत ह्यांचा एक दिवस पिऊन टाकते.

गुरुवार, ६ तारीख

ठेकेदाराने काम कमी केलं. आठवड्याचे सहा दिवस होते ते चार झाले. इमारत तयार आहे पण घेणारे नाहीत म्हणे. हे आले, बूट काढले नाहीत, तसेच गादीवर बसले. गुडघ्यांना सिमेंट तसंच. मी म्हटलं चहा ठेवू का. म्हणाले, "दूध घालू नकोस."

खोलीचं भाडं नऊशे. काम चार दिवसांवर आलं म्हणून ते काही कमी होत नाही. घरी पाठवायचे तेही कमी करायचे नाहीत, कारण घरावर वरचा मजला चढतोय आणि सळ्या उघड्या राहिल्या तर गंजतात. मी म्हटलं, "सासूबाईंना सांगा ना, काम कमी झालंय म्हणून."

"काय सांगू? सगळ्या गल्लीत सांगून बसलीय ती, मुलगा महिन्याला पंचेचाळीस हजार कमावतो. दोन महिन्यांत तिला तोंडघशी पाडू?"

पंचेचाळीस हजार खरेच आहेत. म्हणजे होते. पण ते घरी गेल्यावरचे. इथे ते दोन हजार ऐंशीच असतात.

रविवार, ९ तारीख

घरचा फोन. तिकडे फोन स्पीकरवर असतो, सगळे गोल बसतात. नणंदेने विचारलं, "वहिनी, महिन्याला पंचेचाळीस म्हणजे रोजचे दीड हजार झाले. काय करता गं एवढ्याचं? सोनं खाता?"

मी म्हटलं, "इथे सगळं महाग असतं."

सासूबाई मागून म्हणाल्या, "महाग सगळीकडेच असतं. आम्ही काय फुकटात राहतो? इथे टोमॅटो विचार."

"पाव अडीचला मिळतो, आई. म्हणजे आपले पंचावन्न."

सगळे खो खो हसले. नणंद म्हणाली, "पंचावन्नचा पाव! मग तोंडात विरघळत असेल." हे माझ्याकडे डोळे वटारून बघत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "रडगाणं गायची काय गरज होती?"

मी गायलं नव्हतं. पावाची किंमत सांगितली.

तिकडचे लोक पगाराला बावीसने गुणतात. मी दुकानात उभी राहून वस्तूला बावीसने गुणते. एकच पाढा, पण त्यांनी तो म्हटला की त्यांना श्रीमंत वाटतं आणि मी म्हटला की मला घाम फुटतो. परवा एक बाई कांद्याची पिशवी हातात घेऊन माझ्यासारखीच ओठ हलवत होती. तिचा पाढा कितीचा असेल कुणास ठाऊक.

मंगळवार, ११ तारीख

शिवणवालीशी वाजलं. म्हणजे भांडण नाही, पण वाजलं. मी स्वयंपाकघरात डबा हलवून बघत होते. ती म्हणाली, "तू गुणायचं सोड आधी. इथे राहायचं तर तासांत मोजायचं. नवऱ्याला तासाला किती?"

"दहा."

"मग डबा म्हणजे दोन ताससुद्धा नाहीत. घरी हाच डबा घेतला असतास तर त्याचा सगळा दिवस गेला असता. पोरीचं दूध इथे स्वस्त आहे, येडे. महाग आहे ती खोली. महिन्याचे नव्वद तास नुसते झोपायला देता तुम्ही. आणि घरी पाठवता ते कशाला? तुम्हाला झोपायला इथे जागा नाही आणि तिकडे मजला चढवताय!"

मी म्हटलं, "तुमचं बरं आहे ताई. तुम्हाला मागे कुणी नाही."

बोलून गेले आणि जीभ चावली. तिने चहाचा कप धुतला, पालथा घातला आणि खोलीत गेली. ती कुणाला पैसे पाठवत नाही. का, ते मी विचारलेलं नाही. माझ्या मनात आलं, पोटाचं पोर नसलं की असं सरळ बोलता येतं.

दोन तास. कागदावर दोनच तास. पण आठवड्यातले सोळा तास गेले त्याचं काय?

शुक्रवार, १४ तारीख

मी एक केलंय. ह्यांना सांगितलं नाही, पण त्यात न सांगण्यासारखं काही नाही.

घरी लहान बाळाला दूध पाणी घालूनच देतात. नुसतं दूध जड पडतं, पचत नाही, पोट दुखतं. दादाचा धाकटा तसाच वाढला. वहिनी बाळंतपणानंतर वर्षभर अंथरुणाला होती, त्याचं सगळं मीच केलं, दुधात निम्मं पाणी घालून. आता पाच वर्षांचा आहे. दगड मारला तर दगड फुटेल असा पोरगा.

मग ही पावडर एवढी घट्ट का करायची? डब्यावर चमच्यांची चित्रं आहेत, बाटलीला इतके चमचे म्हणून. पण चित्र काढणाऱ्याला डबे विकायचेत. आजपासून चित्रात आहेत त्याच्या निम्मे घालते. बाटली तेवढीच भरते. मुंगीला काय कळतंय, बाटली भरलेली दिसली की झालं.

संध्याकाळी दादाचा फोन आला. तो दर वेळी एकच विचारतो, "खरं सांग, पोटभर जेवतेस ना?" आजवर त्याने इकडच्या पैशाचं एकदाही विचारलं नाही. हे शेजारीच बसले होते. मी म्हटलं, "जेवते की. जाडी झालेय."

"बाळ?"

"ती पण."

तो म्हणाला, "तुझा आवाज असा का येतोय, विहिरीतून बोलल्यासारखा?" मी म्हटलं, रेंज.

सोमवार, १७ तारीख

खूप रडते. बाटली संपते आणि लगेच तोंड उघडते, चिमणीच्या पिल्लासारखी. मी मधेमधे कोमट पाणी देते. पाणी फुकट आहे. म्हणजे भाड्यात धरलेलं आहे. पाणी प्यायली की थोडा वेळ गप्प राहते.

एका घरी साफसफाईचं काम मिळतंय का बघायला गेले होते. बाळ नको, असं त्या बाईने खुणेने सांगितलं. मी गालाला हात लावून दाखवलं, ती झोपते, त्रास देत नाही. तेवढ्यात मुंगीने भोकाड पसरलं. बाईने दार हळूच लावलं. हळूच लावलेलं दार जास्त लागतं.

गुरुवार, २० तारीख

डबा दहा दिवस पुरणार. आधी पाच पुरायचा. मी ह्यांना दाखवला. त्यांनी झाकण उघडून आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. आल्यापासून पहिल्यांदा हसले. "शिकलीस गं तू संसार करायला."

मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. मग मोरीत जाऊन रडले. का ते माहीत नाही.

अजून एक चमचा कमी करून बघते. पंधरा दिवस पुरला तर शनिवारी घरचे पैसे पूर्ण जातील आणि हे रात्री कूस बदलत राहणार नाहीत.

रविवार, २३ तारीख

मुंगी शहाणी झाली! दोन दिवस झाले, रडणं नाही की काही नाही. झोपते. उठवून बाटली द्यावी लागते, थोडी पिते आणि परत झोपते. मी पण झोपले, किती दिवसांनी. उठले तर बाहेर ऊन आलं होतं.

गालही भरलेत. डोळ्यांच्या पापण्या कशा गुबगुबीत झाल्यात. घरच्यांना फोटो पाठवला. नणंद म्हणाली, "अगं बाई, गाल बघा! परदेशाचं पाणी मानवलं हो तुमच्या लेकीला." सासूबाई म्हणाल्या, "म्हटलं नव्हतं? आपलंच रडगाणं असतं, पोरं कुठेही वाढतात." आणि मजल्याचा फोटो पाठवला त्यांनी. भिंती उभ्या राहिल्या. खिडक्यांच्या जागी भोकं आहेत, त्यातून पलीकडचं झाड दिसतं. पुढच्या वेळी चौकटींचे पैसे लागतील.

हे तो फोटो मोठा करून करून बघत होते. "ही आपली खोली," म्हणाले. बोट ठेवून दाखवलं. मग म्हणाले, "फरशी मी स्वतः बसवीन."

मंगळवार, २५ तारीख

शिवणवाली सुट्टीवर होती. मुंगीला मांडीवर घेतलं तिने. नेहमी घेतल्या घेतल्या गुदगुल्या करते, आज केल्या नाहीत. तिचा पाय धरला आणि अंगठ्याने दाबला. बोट काढलं तरी खड्डा तसाच राहिला. पिठाच्या गोळ्यात राहतो तसा.

"ही किती झोपते?"

"शहाणी झालीय."

"चार महिन्यांचं पोर शहाणं नसतं गं. ते बोंबलतं. दूध किती पिते?"

मी म्हटलं, "पोटभर."

खोटं नव्हतं. पोट भरलेलंच असतं तिचं, टम्म.

ती म्हणाली, "उद्या डॉक्टरला दाखव. लहान बाळांना इथे पैसे पडत नाहीत." मी ह्यांना संध्याकाळी सांगितलं. हे म्हणाले, "फुकट काही नसतं. आज फुकट म्हणतील, उद्या बिलाचा कागद पाठवतील. आमच्या कामावरच्या रंगाऱ्याच्या बायकोला आला होता कागद, चौदाशेचा." मी मनात गुणायला लागले आणि मधेच सोडलं. म्हटलं, बाळ सुजल्यासारखं वाटतंय हो. त्यांनी तिला उचललं, उजेडात धरलं. "कुठे सुजलंय? बाळसं आहे ते. तिचं ऐकू नकोस. तिला काय, एकटा जीव सदाशिव."

उद्यापासून ह्यांना दुसऱ्या गावी काम आहे, तीन दिवस. तिथेच राहायचं. निदान काम मिळालं.

गुरुवार, २७ तारीख

मुंगीचं अंग गार लागतंय. दोन झबली घातली, माझी शाल गुंडाळली, पोटाशी घेऊन बसलेय. बाटली तोंडात धरते पण ओढत नाही. दूध कडेने गळतं. हाक मारली तर डोळे उघडते, पण माझ्याकडे बघत नाही, माझ्या मागच्या भिंतीकडे बघते.

ह्यांचा फोन लागत नाही. शिवणवाली कामावर आहे. ती आली की तिला म्हणणार, चला डॉक्टरकडे. कागद येऊ दे चौदाशेचा. येऊ दे.

आल्यावर ती तरी येईल ना माझ्याबरोबर? मी तिला तसं बोलले होते.

शुक्रवार, २८ तारीख

हॉस्पिटलात आहे. जमेल तसं लिहिते.

काल शिवणवाली यायच्या आधीच मुंगीला झटके आले. हात आणि पाय एका बाजूचे, घड्याळासारखे टक टक टक. डोळे वर. मी तिचं नाव घेऊन ओरडत होते आणि दार ठोकत होते, आमचंच दार, आतून. कळत नव्हतं काय करतेय. तेवढ्यात शिवणवालीने बाहेरून उघडलं. चपला काढल्या नाहीत, काही विचारलं नाही, गाडी बोलावली. गाडीत माझा हात धरून बसली होती. मी म्हटलं, "ताई, मी त्या दिवशी बोलले..." ती म्हणाली, "गप गं. आत्ता ते नको."

इथे त्यांनी मुंगीला सुई लावली. नळीतून मिठाचं पाणी देतायत. झटके थांबले. मशीनवर रेघ चालतेय.

मग नर्सने फोन पुढे केला. त्यात ती तिच्या भाषेत बोलते आणि तो आपल्या भाषेत सांगतो, मोडकंतोडकं. दूध कसं बनवता? दाखवा. डबा, बाटली, चमचा समोर ठेवला. मी रोज करते तसं करून दाखवलं. खरं तेच दाखवलं. पाणी भरलं, चमचा घातला, झाकण लावलं, हलवलं.

नर्स बघत राहिली. तिने बाटली माझ्या हातातून घेतली आणि उजेडात धरली. आरपार दिसत होतं. मला रोज दिसायचं, पण मी कधी बघितलं नव्हतं. तिने डब्यावरच्या चित्रावर बोट ठेवलं. फोन म्हणाला, "बाळाच्या रक्तातील मीठ संपले. पाणी खूप. कारण काय?"

कारण काय. मी सांगायला लागले, एक म्हणजे बावीस. फोनला ते कळलं नाही. त्याने नुसतं "बावीस" म्हटलं आणि सगळे माझ्याकडे बघत राहिले.

शिवणवालीला कामावर जावं लागलं, नाहीतर तिचा दिवस कापतात. ती गेल्यावर गळ्यात कार्ड घातलेली एक बाई आली. रागावली नाही, मला पाणी दिलं. घरात कोण कोण, नवरा मारतो का, आधी कधी मूल दगावलंय का, असं फोनमधून विचारत होती आणि लिहीत होती. आता मला मुंगीजवळ बसू देतात, पण एकटीला नाही. दाराशी एक जणी खुर्ची टाकून बसलीय. बाटली मला देत नाहीत. मघाशी मुंगी कुरकुरली, किती दिवसांनी कुरकुरली, मी उठले तर दाराशी बसलेली पण उठली.

ह्यांचा फोन एकदा लागला. मी सांगितलं. म्हणाले, "तू मला सांगितलं का नाहीस?" मी म्हटलं, "डबा दाखवला होता की." ते रडत होते. मी त्यांना रडताना कधी ऐकलं नव्हतं. रात्रीची गाडी मिळाली तर येतील. म्हणाले, घरी कुणाला काही सांगू नकोस.

शनिवार, २९ तारीख

आपली भाषा येणारी एक बाई आज येणार आहे. ती मला विचारणार आणि इथल्या लोकांना सांगणार. मला तोंडाने सांगता येणार नाही, मी रडत बसेन आणि त्यांना वाटेल लपवतेय. म्हणून बाई, तुम्ही ही वही वाचा. पहिल्यापासून वाचा. शिवणवालीला जे बोलले तेही वाचा. काही फाडलेलं नाही.

इथले लोक ठरवणार आहेत की मुंगी माझ्याकडे द्यायची की नाही. कार्डवाल्या बाईने फोनमधून तसंच सांगितलं, "मूल कोणाकडे सुरक्षित." मी पैसे वाचवायला केलं. पोरीला मारायला नाही केलं. दोन तासांचं दूध होतं ते. तेवढंही मी तिला पूर्ण दिलं नाही, हे खरं आहे, ते सांगा. पण मला माहीत असतं तर मी खोली सोडून रस्त्यावर बसले असते, हेही सांगा.

इथे मला कुणी ओळखत नाही. शिवणवाली ओळखते ती पण दोन महिन्यांची. ह्यांना विचाराल तर ते घरच्या लाजेने अर्धं सांगतील. सासूबाईंना विचाराल तर त्या मजल्याचं सांगतील.

माझ्या भावाला फोन करा. नंबर खाली लिहिलाय. तो गॅरेजमध्ये असतो, आवाज असतो तिथे, मोठ्याने बोला. बाहेरच्या देशाचा नंबर दिसला की तो उचलत नाही, त्याला वाटतं फसवणारे आहेत. परत करा. त्याला आधी सांगा की मुंगी जिवंत आहे, मग बाकीचं सांगा. मी जेवते, जाडी झालेय म्हणाले होते ते खोटं होतं, तेही सांगा. आणि त्याला विचारा, त्याचा धाकटा कुणाच्या हातावर वाढला. तो काय म्हणेल ते या लोकांना त्यांच्या भाषेत नीट सांगा, एक शब्द गाळू नका. त्याने ठेवून दिला तर पुन्हा लावा आणि नुसतं "दादा" म्हणा. दादा म्हटल्यावर तो फोन ठेवत नाही.